स्लोच्या स्क्रूला हात लावायच्या आधी: जुनी गाडी आयडलला का बंद पडते ते कसं शोधायचं

जुनी कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसती चालू ठेवली असताना, धड चालत नाही, रेस (इंजिनचा वेग) आपोआप वरखाली होते, मधेच मिस मारते, ॲक्सिलरेटर सोडला की फुस्स करून बंद, परत किक, परत तेच. अशा वेळी बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्लोचा स्क्रू, म्हणजे आयडलची रेस कमीजास्त करणारा कार्ब्युरेटरवरचा स्क्रू, आवळायचा. रेस वाढते, गाडी बंद पडायची थांबते, सगळे खूश. पण आजार तिथेच असतो, फक्त झाकलेला, आणि थोड्या दिवसांनी गाडी गरम झाली की रेस इतकी चढते की लोक परत स्क्रू सैल करतात आणि गाडी परत बंद पडायला लागते.

आयडलला इंजिन सगळ्यात कमी हवा आणि सगळ्यात कमी पेट्रोलवर जगत असतं, म्हणून प्लग असो, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) असो, कार्ब्युरेटरचं रबर असो, कुठेही जराशी खोट असली तरी ती पहिल्यांदा आयडललाच दिसते आणि तीच गाडी स्पीडला मस्त पळत असते. त्यामुळे आयडल खराब म्हणजे कार्ब्युरेटर खराब असं धरून चालू नका. माझं म्हणणं एवढंच की कार्ब्युरेटरचे स्क्रू ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही, आणि त्याच्या आधी गाडी नेमकी कधी आणि कशी बंद पडते ते बघायचं.

बंद पडताना तिचं वागणं बघा. हळूहळू दम जातो, खोकते, चोक ओढला की क्षणभर सावरते आणि मग मरते, असं असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. एकदम, कोणीतरी चावी फिरवल्यासारखी बंद पडते, काही खोकणं नाही काही नाही, तर करंटचा लोचा आहे. हा फरक बराच भरवशाचा आहे आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही.

मग कधी ते बघा. थंड असताना बंद पडते पण गरम झाल्यावर ठीक चालते, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा चोक नीट लागत नाहीये. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर मरते, तर टॅपेट टाइट असू शकतात, इग्निशन कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारी) किंवा पिकअप कॉइल (ठिणगी कधी पडायची ते सांगणारी) गरम होऊन दगा देत असेल, किंवा चोक आत अर्धवट अडकून राहिला असेल. दहापंधरा मिनिटं चालवल्यावर मरते आणि थोडा वेळ थांबून परत सुरू होते, तर आधी टाकीच्या झाकणाकडे बघा. गिअरमधे असतानाच, क्लच दाबून थांबताना बंद पडते आणि न्यूट्रलला छान चालते, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबलचा खेळ बघा, उगाच कार्ब्युरेटर खोलू नका. हँडल वळवल्यावर बंद पडते तर हेडलाइटच्या मागची वायरिंग किंवा चावीच्या स्विचची वायर तुटत आलीये, आणि हँडल वळवल्यावर उलट रेस वाढते तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. हेडलाइट लावला किंवा ब्रेक दाबला की रेस पडत असेल आणि इग्निशन बॅटरीवर असेल, तर बॅटरी आणि चार्जिंग तपासा.

हे सगळं कागदावर लिहून ठेवलं तर अर्धं काम तिथेच होतं. आणि एक नियम पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, फिल्टर, जेट सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग डोक्याला हातच.

काम सुरू करायच्या आधी दोन शब्द, नाहीतर नंतर कोणी म्हणेल सांगितलं नाही. मोकळ्या हवेत करा, बंद खोलीत गाडी चालू ठेवू नका, सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची नळी काढताना इंजिन थंड असू द्या आणि आसपास सिगारेट, ठिणगी काही नको.

आता पेट्रोलपासून सुरू करू. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका, त्यावर अजून वेळ घालवू नका, शिळ्या पेट्रोलवर केलेलं कुठलंही सेटिंग ताज्या पेट्रोलवर चुकतं. नंतर कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि दोन मिनिटं स्थिर ठेवून उजेडात धरा. पाणी असेल तर ते पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, मण्यांसारखे गोल थेंब बाटली तिरपी केली की तळावर घरंगळताना दिसतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधे पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर होतो आणि कार्ब्युरेटर नेमकं तेच आधी ओढतं. तपकिरी कचरा दिसला तर टाकीच्या आत गंज आहे, मग कार्ब्युरेटर कितीही वेळा धुवा, टाकी साफ होऊन मधे फिल्टर बसेपर्यंत ते परत तुंबणारच.

मग प्रवाह बघा. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा. धार सलग पडली पाहिजे, आणि लगेच बंद करू नका, चांगला एक मिनिट पडू द्या. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत थेंबथेंब झाली तर टाकीचं झाकण उघडून बघा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि धार परत जोरात सुरू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. ते साफ करा, गाडी बरी. हा फुकटातला इलाज आहे आणि यासाठी लोकांनी अख्खे कार्ब्युरेटर बदललेले असतात. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकची आतली जाळी तुंबली आहे. मेनवर बारीक आणि रिझर्व्हला जोरात असेल तर टाकीतली उभी नळी बघा. काही गाड्यांना व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो, त्यात इंजिन बंद असताना पेट्रोल येणारच नाही, तो घाबरायचा विषय नाही, पण त्याचा पडदा फाटला की व्हॅक्यूमच्या नळीतून पेट्रोल सरळ इंजिनात ओढलं जातं आणि गाडी रिच होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होऊन) आयडलला गुदमरते. ती बारीक नळी काढून बघा, आत पेट्रोलने ओली असेल तर पडदा गेलाच.

पेट्रोल ठीक असेल तर करंट. प्लग काढून रंग बघा. फिक्का तपकिरी म्हणजे चांगला, काळा कोरडा काजळीसारखा म्हणजे रिच, पांढरा फटक म्हणजे लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), तेलकट ओला म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. पण एक लक्षात घ्या, थंड इंजिन चोकवर पाच मिनिटं चालवून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यावरून निकाल लावू नका, आधी गाडी नीट चालवून आणा. प्लगच्या टोकाचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, बऱ्याच गाड्यांना ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. प्लगवर संशय असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा टाका. प्लग कॅपकडे मात्र कोणी बघत नाही, ती वायरवर सैल असते किंवा आतून हिरवी पडलेली असते. वायरचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून कॅप परत घट्ट फिरवून बसवली की मिसिंग गेलेलं मी पाहिलंय. रात्री अंधारात इंजिन चालू करून वायर आणि कॉइलकडे बघा, कुठे निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसली तर करंट तिथून पळतोय.

ठिणगी तपासताना प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला नीट टेकवून किक मारा. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइलला ते झेपत नाही. प्लगचं भोक मोकळं असतं तिथून पेट्रोलची वाफ येते, तर ठिणगी त्याच्यापासून लांब ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची ठिणगी गरम असतानाच तपासायची. घरी येऊन, हातपाय धुऊन मग बघितली तर ठिणगी ठणठणीत दिसते, कारण कॉइल तोवर थंड झालेली असते. सोबत एक जादा प्लग आणि प्लगपाना ठेवा, जिथे बंद पडेल तिथेच बाजूला घेऊन बघा.

जुनी पॉईंटवाली गाडी (जिथे उघडझाप करणारे धातूचे संपर्क ठिणगी सोडतात) असेल तर पॉईंटचा गॅप साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि तो पॉईंट सगळ्यात जास्त उघडलेले असताना मोजायचा. तोंड जळून खड्डे पडले असतील आणि पॉईंटवर सारखी मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी दाबणारा भाग) गेलाय, नुसता पॉलिश पेपर मारून चार दिवस चालेल, मग परत तेच. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलतं, तेही बघून घ्या. साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), ही मंडळी पण गुपचूप गाडी बंद पाडतात. गाडी चालू ठेवून एकेक वायरचा जोड हाताने हलवून बघा, कुठे रेस अडखळली की तिथे थांबा.

आता माझा आवडता भाग, हवेची गळती, कारण जुन्या गाड्यांमधे आयडलच्या बऱ्याच तक्रारी इथे निघतात आणि लोक इथे बघतच नाहीत. कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधे जे रबर असतं ते वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतं आणि त्याला चिरा पडतात. वरून बघाल तर काहीच दिसत नाही, काळं चकचकीत रबर. कार्ब्युरेटर हाताने थोडं खाली दाबा म्हणजे रबर वरच्या बाजूने ताणलं जातं, आणि मग त्या घडीत नखाएवढी चीर तोंड उघडते, दाब सोडला की परत मिटते. इंजिन थरथरताना ती चीर उघडझाप करते आणि प्रत्येक वेळी फुकटची हवा आत जाते. याची खूण म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, वर लटकून राहते, मग हळूहळू उतरते आणि कधी उतरता उतरता बंद पडते.

तपासायची साधी पद्धत अशी की गाडी आयडलला चालू ठेवून पाण्याच्या स्प्रेने त्या रबरावर, पट्ट्यांवर आणि हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) जोडावर थोडं थोडं पाणी मारा, प्लगवर उडू देऊ नका. पाणी चिरेत शिरलं की क्षणभर गळती बुजते आणि रेस बदलते. काही जण कार्ब क्लीनर मारतात, त्याने फरक जास्त स्पष्ट कळतो हे खरं, पण गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेऊ शकतं, मी तर पाणीच सुचवेन. रबराच्या दोन्ही पट्ट्या आवळा, रबर हेडला धरणारे बोल्ट आवळा, आतली ओ रिंग (रबरी कडी) चपटी झाली असेल तर बदला, बाजूला व्हॅक्यूमची टोपी असेल तर ती फाटली नाही ना बघा. सिलिकॉनचा थर चोपडून चीर बुजवू नका, पेट्रोलने तो सुटतो आणि तुकडे आत जातात. टू स्ट्रोक गाडी असेल आणि बाहेर कुठेच गळती सापडत नसेल तर क्रँकचे ऑइल सील संशयित, आणि गिअर ऑइल कमी होऊन धूर वाढला असेल तर क्लचकडचं सील नक्की बघा.

एअर फिल्टर काढून बघा, तुंबलेला असेल तर गाडी रिच होते. पण फिल्टर काढून टाकून गाडी चालवणं हा इलाज नाही.

टॅपेट हा विषय लोक आवाजावरून ठरवतात, टकटक आली की आवळा. खरं तर टकटक करणारा टॅपेट आयडलला फार त्रास देत नाही, त्रास देतो तो शांत टॅपेट, जो टाइट झालाय. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन सुटतं आणि गाडी आयडलला मरते, आणि असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण जुळवून टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत गेज घाला. लहान गाड्यांमधे हा गॅप बऱ्याचदा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण इथेही पुस्तकातलाच आकडा, कारण काही जुन्या पुशरॉडवाल्या गाड्यांना वेगळीच पद्धत असते. टी खूण जुळली पण दोन्ही टॅपेट ताठ लागले तर बहुतेक तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात, अजून एक फेरा फिरवा. टॅपेट बरोबर असूनही किकला दम लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा, आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. मग कार्ब्युरेटरवर कितीही प्रेम करा, उपयोग नाही.

इतकं सगळं बघून झालं आणि अजून तक्रार आहे तर आता कार्ब्युरेटर. खोलायच्या आधी एक छोटी चाचणी, इंजिन गरम असताना आयडलला चोक अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली तर ती लीन आहे, म्हणजे स्लो जेट तुंबलाय किंवा हवेची गळती राहिलीये. लगेच गुदमरली तर ती आधीच रिच आहे, म्हणजे फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पातळी वर आहे, नीडल व्हॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) गळतोय किंवा चोकचा प्लंजर नीट बसत नाहीये.

स्लो जेट म्हणजे पितळेचा छोटासा स्क्रू, मधे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक. पितळ मऊ असतं, म्हणून बरोबर मापाचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच उडते आणि मग तो बाहेर काढणं म्हणजे दिवसभराचा उद्योग. काढला की उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आरपार बघा. स्वच्छ जेटमधून गोल, कडा धारदार असलेला उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा पिवळसर दिसला तर आत जुन्या पेट्रोलची खळ चिकटलीये, ती इतकी पातळ असते की हवा मारली तरी भोक मोकळं झाल्यासारखं वाटतं पण माप मात्र कमीच राहतं. रात्रभर कार्ब क्लीनरमधे बुडवून ठेवा, मग हवा मारा. लोखंडी तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट बाद. बॉडीवर क्लीनर मारायच्या आधी सगळे रबर, ओ रिंग, पडदे काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतात. आणि नुसता जेट साफ करून थांबू नका, बटरफ्लाय किंवा स्लाइडच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) कडेला जी सुईच्या टोकाएवढी भोकं असतात ती पण मोकळी पाहिजेत, खालून हवा मारल्यावर तिथून बाहेर आलेली बोटाला लागली पाहिजे.

मिक्स्चरचा स्क्रू (आयडलला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोरात आवळला तर टोक चेपतं आणि कार्ब्युरेटर कायमचं रुसतं. काही स्क्रूंना टोकाकडून आधी ओ रिंग, मग वॉशर, मग स्प्रिंग असा क्रम असतो, आणि ती इवलीशी ओ रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते, स्क्रू बाहेर आला की लोकांना वाटतं नव्हतीच. ती नसेल तर तिथूनच हवा खेचली जाते आणि सेटिंग कधीच बसत नाही.

आता शेवटी सेटिंग. गाडी दहापंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, चोक बंद, केबलला थोडा मोकळा खेळ. मिक्स्चरचा स्क्रू टेकवून साधारण दीड ते दोन फेरे बाहेर, किंवा पुस्तकात जे असेल ते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत फिरवला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत फिरवला की लीन. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक अगदी बरोबर उलटं करत बसतात. स्लोच्या स्क्रूने गाडी कशीबशी चालू राहील एवढी रेस ठेवा, मग मिक्स्चर पाव पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी चारपाच सेकंद थांबा, इंजिनला कळायला वेळ लागतो. जिथे रेस सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात एकसारखा येतो तिथे थांबा, मग स्लोचा स्क्रू कमी करून रेस पुस्तकातल्या आकड्यावर आणा, लहान इंजिनांना साधारण १२०० ते १४०० आरपीएम, मोठ्या जुन्या इंजिनांना थोडी कमी. मिक्स्चर पूर्ण आत टेकवला तरी गाडीला काहीच फरक पडत नसेल तर स्लो सर्किट अजून तुंबलेलं आहे किंवा स्लोचा स्क्रू इतका चढवलाय की बटरफ्लाय उघडीच आहे, परत मागे जा.

दोन किंवा जास्त सिलिंडरची गाडी असेल तर आधी कुठला सिलिंडर आळशी आहे ते शोधा. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने प्रत्येक सायलेन्सरच्या पाइपवर, हेडजवळ, पाण्याचा एक थेंब टाका. जिथे थेंब लगेच चर्र करत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये, सगळी तपासणी आधी त्याची. सगळे सारखे गरम होत असतील आणि तरी आयडल हलत असेल तर कार्ब्युरेटर एकमेकांशी सिंक करायला, म्हणजे सगळे सारखे उघडतील असे जुळवायला, व्हॅक्यूम गेज लागतात, ते कानाने करायचा हट्ट धरू नका.

सेटिंग झाल्यावर हेडलाइट लावून, हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर झटकन उघडून सोडून बघा, रेस लगेच खाली येऊन तिथेच थांबली पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर परत एकदा बघा. गाडी पुढे महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल ड्रेन करा, स्लो जेट परत काढायची वेळ लवकर येणार नाही.